मॅमथ केव्हची हिस्टॉरिक टूर : लिफ्टमध्ये न बसणाऱ्या बाईचा अभिप्राय

माझं हिपचं माप 44 इंच. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या गुहेबद्दल नेटवर जे काही वाचलं ते सगळं सडपातळ लोकांनी लिहिलंय की काय, असं वाटलं. ‘एकदम सोपं’, ‘काहीच त्रास नाही’. कुणाला त्रास नाही? केवढ्या अंगाच्या माणसाला? मी 33 वर्षं सांगलीत ब्लाउज शिवते. माप न घेता ‘बसेल हो, काळजी करू नका’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो शिंपी असो नाहीतर गाईड. म्हणून हा अभिप्राय मापासकट लिहिते आहे. लेकीकडे अमेरिकेला चार-सहा महिने येणाऱ्या आणि बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

मी लिफ्टमध्ये बसत नाही. नणंद पाचव्या मजल्यावर राहते, तिच्याकडे जिन्याने जाते. दुकानाचं दार पावसातसुद्धा सताड उघडं असतं. लोकांना वाटतं हे वयाचं खूळ आहे. तसं नाही, ते फार जुनं आहे.

माझं माहेर हरिपूर. सांगलीला खेटून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट फुगलेलं, रांजणासारखं. वीस-पंचवीस फूट खोल. हळद भरून तोंड बुजवलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. आमचे आबा पेवावर हमाली करायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडं टाकून तासन् तास वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला की थांबायचं, जळत राहिला की उतरायचं. हे मी पोरवयात शंभरदा बघितलंय.

नऊ वर्षांची असताना चुलतभावांनी मला एका रिकाम्या पेवात दोरीने सोडलं आणि गंमत म्हणून दोरी वर ओढून घेतली. फार तर पाच मिनिटं. वर बशीएवढं आभाळ, भिंतींना हळदीचा वास, आणि माझाच आवाज माझ्याच कानात परत येत होता. मला ‘दादा’ म्हणून ओरडता येईना, कारण मनात आलं की ओरडले तर आतली हवा संपेल. 2005 च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं गेली. माझं तेवढं राहिलं.

तर अशी बाई जगातल्या सगळ्यात लांब गुहेत कशी काय गेली? त्याला कारण नातू. वय 11, आणि त्याच्या शाळेत मॅमथ केव्हवर प्रकल्प होता.

लेक केंटकी राज्यात लुईव्हिलला राहते. तिथून दक्षिणेला नॅशव्हिलच्या रस्त्याने दीड तास गेलं की हे नॅशनल पार्क लागतं. आत्तापर्यंत मोजून झालेली गुहा 685 किलोमीटरच्या घरात आहे. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, म्हणजे बघा. अजून नवे बोगदे सापडताहेत आणि मोजणी चालूच आहे. पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, गुहेच्या फेरीचं मात्र तिकीट असतं आणि सुट्टीच्या दिवसांत ते आधीच काढून ठेवावं लागतं. फेऱ्या बऱ्याच प्रकारच्या आहेत. माझ्यासाठी लेकीने मनात धरली होती ती फ्रोझन नायगारा नावाची, अगदी छोटी, थोड्याच पायऱ्यांची. आम्हाला जूनमधला जो शनिवार सोयीचा होता त्या दिवशी ती भरलेली. उरली हिस्टॉरिक टूर. दोन तास, दोन मैल, 540 पायऱ्या.

“आई, तू बाहेर बस हवं तर,” लेक म्हणाली. “पुस्तक घे. आम्ही दोन तासांत येतो.”

मला राग आला. तिचा नाही, माझाच. गेल्या वर्षी मेघालयात हेच झालं होतं. एका सहलकंपनीबरोबर गेलो होतो. सोहऱ्याजवळच्या मॉस्माई गुहेच्या तोंडाशी आमचा टूर लीडर म्हणाला, “काही नाही हो काकू, लाईट आहेत, चला.” आत किती जायचं, कुठे वाकायचं, परत फिरता येतं का, एक शब्द नाही. अर्ध्यात एका चिंचोळ्या ठिकाणी माझे पाय लटपटले. मागून माणसांची रांग, पुढून माणसांची रांग. “काकू, पटकन पटकन!” मी तशीच घुसले, रडतच बाहेर पडले, आणि नंतर जेवणाच्या टेबलावर त्याने माझी नक्कल करून सगळ्यांना हसवलं. त्या लीडरचं नाव घेत नाही, तो बिचारा अजून त्याच कंपनीत आहे म्हणतात.

म्हणून म्हटलं, येते. फक्त मला आधी सगळं नीट विचारू द्या.

आता एक गोष्ट लुईव्हिलकडून येणाऱ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवा. वाटेत घड्याळ बदलतं. लुईव्हिल एका वेळेवर चालतं आणि गुहा एक तास मागे. आमची फेरी साडेदहाची. आम्ही घरच्या घड्याळाने दहाला पोचलो, धावतपळत, आणि बघतो तर तिथे नऊ वाजलेले. जावई म्हणाले, “बरं झालं आई, घाई नाही.” बरं कसलं? घाबरायला दीड तास फुकटात मिळाला. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर डबा उघडला, सांगलीचं भडंग आणि थर्मासमधला चहा. गुहेत साध्या पाण्याशिवाय काही खायला-प्यायला नेता येत नाही, तेव्हा जे काय खायचं ते इथेच. (नॅशव्हिलकडून येणाऱ्यांना ही घड्याळाची भानगड नाही.)

त्या दीड तासात नातवाने आपला प्रकल्प वाचून दाखवायला घेतला. फ्लॉइड कॉलिन्स नावाचा माणूस, याच भागातला. 30 जानेवारी 1925 ला तो ‘सॅण्ड केव्ह’ नावाच्या एका गुहेत वाट शोधत शिरला आणि पायावर दगड पडून अडकला. बाहेर हजारो माणसं जमली, जत्रा भरली, स्टॉल लागले. सुरुवातीला लोक सरपटत जाऊन त्याला खायला देत होते, मग मधली वाट ढासळली. दोन आठवड्यांहून जास्त दिवसांनी बाजूने खड्डा खणून त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा तो गेलेला होता. पाय अडकवणारा तो दगड निघाला जेमतेम 12 किलोचा. ‘सॅण्ड केव्ह’ आता याच पार्कच्या हद्दीत येते.

लेकीने त्याच्या हातातला कागद काढून घेतला. पण ऐकायचं ते मी ऐकून बसले होते. घरातल्या शहाण्या मुलांना गुहेची गोष्ट फेरी झाल्यावर सांगायला सांगा.

साडेदहाला एका मांडवाखाली सगळे जमलो. आमच्या गटात शंभरच्या आसपास माणसं. हा आकडा ऐकून मला धडकी भरली, पण दोन रेंजर होते: पुढे एक बाई, पपईच्या पानासारखी रुंद कडांची टोपी घातलेली, आणि सगळ्यांच्या मागे एक पोरगेला रेंजर. बाईंनी पाच-सात मिनिटं जे भाषण केलं, त्यासाठी मी हा अभिप्राय लिहिते आहे. लेक कानात सांगत होती.

किती चालायचं, किती पायऱ्या, त्यातल्या 155 शेवटी एका लोखंडी मनोऱ्यावर एका दमात. आत वर्षभर एकच थंडी, 54 फॅरनहाइट, आपले 12 अंश. हृदयाचं दुखणं, दमा, गुडघे यांचा विचार आत्ताच करा. उंचीची भीती असेल तर कुठे वाटेल, बंद जागेची असेल तर कुठे वाटेल. अंधार कधी होणार. आणि मग, अगदी साध्या आवाजात: यातलं काही आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर आत्ता सांगा, त्यात लाजायचं काही नाही, आत गेल्यावर वाटलं तर तेही सांगा.

भाषण संपल्यावर मी पुढे गेले. माझं इंग्रजी यथातथा, पण मापाचं इंग्रजी पक्कं आहे. वेस्ट, हिप, चेस्ट, इंच. मी म्हटलं, “नॅरो प्लेस. हाऊ मेनी इंच?” आणि दोन्ही हात हिपवर ठेवून दाखवले.

त्या बाई हसल्या नाहीत. मी वाट बघत होते हसण्याची. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आम्ही गिऱ्हाइकाकडे बघतो तसं, खांद्यापासून खाली. मग हातांनी हवेत आकार काढला: वर रुंद, खाली निमुळता. किल्लीच्या भोकासारखा. खाली पावलांशी एवढंच, असे दोन तळवे धरले, मांड्यांशी एवढं, कमरेपासून वर मोकळं. छाती कुठेही दाबली जात नाही. एक पाय, मग त्याच्यापुढे दुसरा पाय. वळणं आहेत. काही मिनिटांचं काम. मग लेकीला म्हणाल्या, आईंना सांग, माझ्या मागेच चाला.

मी तळव्यांमधलं अंतर नजरेने मोजलं. खाली दोन वितींच्या आसपास. शिवणकामात आम्ही शिवणीला कापड जास्तीचं ठेवतो, त्याला माया म्हणतात. पुढे अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. मी मनात हिशोब केला: आडवी शिरले तर माया उरते. थोडी, पण उरते.

मेघालयात मला भीती वाटली होती ती दगडाची नव्हती हे तेव्हा कळलं. चोळीचं कापड किती आहे ते कळलं तर मी वीतभर कमी पडलं तरी मार्ग काढते. कुणी सांगितलंच नाही तर कात्री चालवणार कशी?

उतारावरून झाडीतून खाली गेलो. गुहेचं तोंड मोठं आहे, चांगलं गावच्या वेशीएवढं, आणि कडेने पाणी ठिबकत होतं. बाहेर घाम निथळत होता आणि दहा पावलं अलीकडेच समोरून गार वारा आला. एसीचं दार उघडल्यासारखा. नातू म्हणाला, आजी, उन्हाळ्यात गुहा बाहेर श्वास सोडते. हे वाक्य मला आवडलं. पेव श्वास सोडत नाही. मी जरा सैल झाले.

सुरुवातीचा एक पट्टा ठेंगणा, मग एकदम रोटुंडा म्हणतात ते दालन. काय सांगू! लग्नाचं कार्यालय बसेल आत, वरातीसकट. इथे 1812 च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईत तोफांच्या दारूसाठी सोरा काढायचे. मातीत पाणी मुरवायचे लाकडी हौद आणि ओंडके पोखरून केलेले नळ अजून तसेच पडलेत, 200 वर्षं झाली तरी सडलेले नाहीत. कोरडं आहे म्हणून. काम करणारे बहुतेक गुलाम होते, हे रेंजरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पुढे ब्रॉडवे नावाचा रस्ताच आहे, खरंच रस्ता, एसटी जाईल एवढा.

ज्यांना झुंबरं, खांब, पांढरे झिरमिळ्यांचे पडदे बघायचे असतील त्यांची या फेरीत निराशा होईल. डोक्यावर वालुकाश्माचं झाकण आहे, त्यातून पाणी फारसं झिरपत नाही, म्हणून या भागात तसले आकार तयार झालेले नाहीत. ते फ्रोझन नायगाराकडे. इथे आहे नुसती प्रचंड करडी पोकळी. शेजारचे एक गृहस्थ सारखे “हेच का?” म्हणत होते. मला विचाराल तर ही पोकळीच माझ्या कामाची होती.

ब्रॉडवेवर एका जागी सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि दिवे घालवले.

हे होणार हे आधी सांगितलेलं होतं. तरी. डोळे उघडे की मिटलेले हेच कळत नाही असला काळोख. मी डोळ्यांपुढे हात हलवला, दिसला नाही. कुणाचं तरी पोर हुंदकलं. माझ्या कानात माझाच श्वास यायला लागला आणि झालं, नऊ वर्षांची झाले. हळदीचा वास आला, शपथेवर सांगते. लेकीचा हात धरला होता तो माझ्या घामाने निसरडा झाला. आता उठावं, ओरडावं, असं वाटत असतानाच समोर रेंजरबाईंनी लायटर पेटवला.

एक एवढीशी ज्योत. त्या सांगत होत्या की पूर्वीचे गाईड असल्याच उजेडात लोकांना फिरवायचे, आणि बघा, एका ज्योतीत केवढं दिसतं. खरंच दिसत होतं, छताच्या कडा, माणसांचे चेहरे. पण मी ज्योत बघत होते. ती सरळ उभी होती. जराशी कलली, परत उभी राहिली. निळी पडत नव्हती, बारीक होत नव्हती. कंदील जळतोय म्हणजे उतरायला हरकत नाही. आबा काठावर उकिडवे बसून खाली बघायचे आणि मान हलवायचे, ते अगदी तसंच दिसलं. माझा श्वास कधी जागेवर आला ते मला कळलंच नाही. दिवे लागल्यावर लेक म्हणाली, “आई, हात सोड आता, मुंग्या आल्यात.”

नंतर जायंट्स कॉफिन. शवपेटीच्या आकाराचा, खोलीएवढा दगड. त्याच्या मागून वाट खाली जाते आणि रुंद रस्ता संपतो. तिथे रेंजरबाई थांबल्या, परत विचारलं. इथून पुढे अरुंद आहे, कुणाला फिरायचं असेल तर हीच जागा. एक बाई आणि तिचा नवरा मागच्या रेंजरबरोबर परतले. कुणी टाळ्या नाही वाजवल्या, कुणी हसलं नाही. मला त्या बाईचा हेवा वाटला आणि लगेच वाटला नाही.

बॉटमलेस पिटवरून पूल आहे. नाव बिनतळाचा खड्डा, खोली 105 फूट. मला उंचीची भीती नाही, मी मजेत खाली बघितलं. जावई मात्र कठडा धरून सरळ समोर बघत पार झाले. (हे त्यांना न विचारता लिहिते आहे.) हा खड्डा 1838 मध्ये स्टीफन बिशपने शिडी टाकून पहिल्यांदा ओलांडला. तो गुलाम होता, आणि गाईड. त्याने तोवर सापडलेल्या अख्ख्या गुहेचा नकाशा 1842 मध्ये आठवणीतून काढला. मालकाच्या घरी, लुईव्हिलच्या लोकस्ट ग्रोव्हमध्ये बसून. ते घर लेकीच्या बसरस्त्यावर आहे, आम्ही नंतर जाऊन आलो. 1856 मध्ये त्याला मोकळं केलं, 1857 मध्ये तो वारला. जमिनीखालच्या इतक्या वाटा सापडलेल्या माणसाला जमिनीवर एक वर्ष मिळालं. ज्या मालकाने त्याच्याकडून नकाशा काढून घेतला, त्याच डॉक्टरने पुढे क्षयाचे रोगी गुहेत ठेवून बघितले होते, हवा चांगली म्हणून. ते बरे झाले नाहीत. त्या झोपड्या या फेरीत येत नाहीत, आणि नाही आल्या तेच बरं.

मग ते ठिकाण. फॅट मॅन्स मिझरी. लठ्ठ माणसाचे हाल!

रेंजरबाई पुढे, मी मागे, माझ्यामागे नातू. तोंडाशीच दगड चमकत होता. ओला म्हणून नाही. दोनशे वर्षं माणसांच्या मांड्या, कुल्ले, हात घासून घासून गुळगुळीत झालेला, जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखा. मी हात लावला. थंड, आणि अगदी साटीनसारखा. हे बघून मला फार धीर आला, का ते सांगते. काठांना खरखरीत दगड असता तर वाटलं असतं की इथून कुणी जात नाही. हा तर वापरून वापरून मऊ झालाय. माझ्याएवढ्या किती बायका घासून गेल्या असतील!

पाऊल आडवं घातलं. बाईंनी दाखवला होता तोच आकार. पावलापुढे पाऊल, गुडघे एकमेकांना घासत, एका वळणावर उजवी मांडी टेकली, दुसऱ्यावर डावी. कमरेच्या वर खरंच मोकळं. हात वर करून मी हवा चाचपून बघितली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर अडकले. म्हणजे दगड दोन्हीकडून लागला. पुढे बाईंची टोपी वळणाआड गेली, मागे रांग. मॉस्माई. छातीत धडधड सुरू.

नातू मागून म्हणाला, “आजी, तू सरळ उभी आहेस. बाजूने हो ना, इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालतेस तशी.”

पोराने दुकानात बसून हे कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. दुकानात शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामधली जागा मी रोज पन्नासदा पार करते, एक कुल्ला आधी, एक मागून. तशी वळले आणि सुटले. कापड फिरवलं की बसतं, एवढंच. मागच्या कुणीही “पटकन” म्हटलं नाही. मागे शंभर माणसं आणि एकानेही नाही.

लगेच पुढे उंच माणसांची पाळी, तिथे छत खाली येतं आणि कंबरेत वाकून चालावं लागतं. पाच फूट एक इंच उंचीच्या माणसाला तो भाग म्हणजे सुट्टी. सहा फुटी जावई आतून कण्हत होते. त्याच्या पुढच्या दालनाचं नाव ग्रेट रिलीफ हॉल. नाव ठेवणाऱ्याला इथे पुरे मार्क.

बाकीच्या नावांना मात्र अर्धा तारा कापते. शवपेटी काय, बिनतळाचा खड्डा काय, लठ्ठाचे हाल काय. आधीच घाबरलेल्या माणसाला नकाशा वाचूनच घाम फुटतो. म्हणून पाचात साडेचार.

शेवटचा मॅमथ डोम, 192 फुटांची विहीर, आणि तिच्यातून वर जाणारा तो 155 पायऱ्यांचा मनोरा. वरून पाणी टपकतं. इथे माझी गंमत झाली. 30 वर्षं लिफ्ट टाळून माझे गुडघे तयार झालेत हे मला माहीतच नव्हतं. जिममध्ये जाणारी पोरं कठड्याला टेकून धापा टाकत होती आणि मी, पंजाबी ड्रेस सावरत, एका ठेक्यात वर. मध्ये थांबायला जागा आहे, थांबणाऱ्याला कुणी हटकत नाही.

बाहेर पडताना साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या गाद्यांवरून चालवतात. वटवाघळांना एका बुरशीचा आजार आहे, आपल्या तळव्यांवरून दुसऱ्या गुहेत जाऊ नये म्हणून. त्यामुळे आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत घातलेले बूट इथे घालून येऊ नका.

माझ्यासारख्या कुणी जाणार असतील तर: साडी नको, ती त्या फटीत पायात येईल. शाल नको, बाह्यांचा स्वेटर घाला. पर्स बारीक, आडवी अडकवायची. रांगेत पुढे राहा, रेंजरच्या मागेच; मागे राहिलात तर भाषण ऐकू येत नाही आणि पुढे काय आहे ते कळत नाही, आणि आमच्यासारख्यांचं सगळं घोडं तिथेच अडतं. इंग्रजी येत नसेल तर लेकीला शेजारी ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका, आत रेंज नसते. पहिल्यांदाच बघणार असाल आणि जीव फारच घाबरा असेल तर खुशाल फ्रोझन नायगारा घ्या, तिकीट लवकर काढा. डोम्स अँड ड्रिपस्टोन्स नावाची फेरी मी घेणार नाही. तिच्यात सुरुवातीलाच 280 पायऱ्या अरुंद जागेतून उतरायच्या आहेत, हे मी विचारून घेतलंय. मी बरी झाले, असं कुणी समजू नये. लेकीच्या बिल्डिंगमध्ये मी अजून जिन्यानेच जाते.

परतताना नातवाला वाइल्ड केव्ह टूरचा कागद मिळाला. सहा तास, हेल्मेट घालून, पोटावर सरपटत. त्याचं वय बसत नाही, 16 पूर्ण लागतात. मग त्याने ठरवलं की बाबांनी जायचं. कागदावर स्पष्ट छापलंय: छाती किंवा हिप 42 इंचांच्या वर असेल तर प्रवेश नाही. हे मला पटलं. असं लिहावं माणसाने.

रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्या पर्समधली टेप घेऊन आला आणि बाबांना हॉलच्या मधोमध उभं केलं. जावई श्वास ओढून ताठ उभे. “श्वास सोडा,” मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “ओढून घेतलेलं माप आम्ही धरत नाही.” त्यांनी सोडला. 43 भरलं. जावयांनी मुकाट्याने टेप गुंडाळून माझ्या हातात आणून दिली, आणि आणखी एक पोळी मागितली.